चार चॅनलमध्ये गाणं बसवताना: अमिगा, प्रोट्रॅकर आणि कामाचे बारकावे

अमिगावाली

जुन्या संगणकांच्या धाग्यावर ट्रॅकरचा विषय निघाला आणि प्रतिसादांच्या गर्दीत विरून गेला. दोघातिघांनी विचारलं होतं की प्रत्यक्ष चाल बांधायला बसलं की सुरुवात कुठून करायची. म्हणून हा वेगळा धागा. माझ्याकडे अमिगा ५०० आहे, इथे जर्मनीत सेकंडहँड घेतलेला, त्यामुळे मी प्रोट्रॅकरपुरतंच लिहिते. डॉसवर काम करणाऱ्यांनी कृपया भर घालावी.

ज्यांनी ट्रॅकर पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ट्रॅकर म्हणजे संगणकावर गाणं रचायचा प्रोग्राम, आणि यात सूर वरून खाली धावतात. चार उभे रकाने म्हणजे चार चॅनल, आणि एका पॅटर्नमध्ये ६४ ओळी. प्रत्येक ओळीत एक सूर, सॅम्पलचा (म्हणजे रेकॉर्ड केलेल्या आवाजाच्या तुकड्याचा) नंबर आणि एक कमांड, एवढंच. १९८७ साली कार्स्टन ओबार्स्की या जर्मन माणसाने अमिगासाठी अल्टिमेट साउंडट्रॅकर लिहिला, तिथून ही पद्धत सुरू झाली. तेव्हा १५ सॅम्पल मावायची. पुढे नॉइजट्रॅकर आणि प्रोट्रॅकरमध्ये ती ३१ झाली. कमांड स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांत दिसतात, मी इथे देवनागरीत लिहितेय. आकडे सोळाच्या पायावर असतात, म्हणजे नवानंतर ए ते एफ. पूर्ण आवाज ६४, तो लिहायचा सी४०.

आता मुद्द्याचं. माझं ठाम मत आहे की ट्रॅकरमधलं निम्म्याहून जास्त काम पहिला सूर लिहायच्या आधीच होतं, आणि ते सॅम्पल निवडण्यात आणि कापण्यात होतं. हिशोब करून बघा. एका पॅटर्नला लागतात ६४ ओळी गुणिले ४ चॅनल गुणिले ४ बाइट, म्हणजे १,०२४ बाइट. वीस पॅटर्नचं भरगच्च गाणं लिहिलंत तरी सूर वीस किलोबाइटमध्ये बसतात. बाकी सगळी जागा खातात ती सॅम्पल. आणि अमिगाची आवाजाची चिप, पॉला, सॅम्पल वाचते फक्त चिप रॅममधून. जुन्या ५०० मध्ये ती असते ५१२ केबी, आणि त्यातच स्क्रीनसुद्धा असतो. खालच्या झाकणातली जादा रॅम लावली तरी सहसा सॅम्पलसाठी ती उपयोगी पडत नाही.

म्हणून सॅम्पल घेताना आधी ठरवायचं की ते कुठल्या सुरावर वाजणार. पाल (युरोपी टीव्ही पद्धतीच्या) मशीनवर सी-२ हा सूर (आकडा सप्तकाचा) म्हणजे सेकंदाला ८,२८७ बाइट, सी-३ म्हणजे १६,५७४ आणि ए-३ म्हणजे साधारण २७,९२८. खर्जाला आणि मऊ आवाजांना सी-२ पुरतो. झांज, टाळ, चिपळ्या यांना वरचा दर द्यावाच लागतो, नाहीतर त्यांची धार जाते. पण झांज किती वेळ ऐकू येते? पाव सेकंद ठेवा, शेवटी हळूहळू विरवा. ए-३ वर घेतलं तरी सात केबी होतात.

मी अलीकडेच हार्मोनियमचं सॅम्पल केलं, ते जवळून सांगते, कारण त्यात सगळ्या अडचणी एकदम येतात. दोन स्वरपट्ट्यांची पेटी असेल तर दोन्ही पट्ट्या किंचित वेगळ्या लागतात आणि आवाजात एक संथ लाट येते. लूप त्या लाटेच्या मध्येच तोडला तर दर फेरीला झोका बसल्यासारखं ऐकू येतं. म्हणून एकच स्टॉप उघडा ठेवून रेकॉर्ड करायचं. भाता एकसारखा दाबायचा, सुरुवातीचा श्वासाचा भाग ठेवायचा आणि लूप पुढच्या स्थिर भागात लावायचा. लूपची दोन्ही टोकं शून्यावर आणि एकाच दिशेने जाणारी हवीत. लूपची सुरुवात आणि लांबी सम आकड्यातच असते, हेही लक्षात ठेवा. मोठ्या आवाजात रेकॉर्ड करा, आठ बिटवर आणण्यापूर्वी आवाज कमाल पातळीपर्यंत चढवा, आणि गाण्यात कमी हवा असेल तर सी कमांडने उतरवा. हळू आवाजात घेतलेलं आठ बिटचं सॅम्पल खरखरतं आणि ती खरखर नंतर काढता येत नाही. दर खाली आणताना आधी वरच्या कंपनसंख्या गाळून घ्या, नाहीतर सॅम्पलमध्ये मूळ सुराशी नातं नसलेले चिवचिवाट शिरतात.

एक सॅम्पल एका सप्तकापलीकडे ताणू नका. वर नेलं की चिरकं, खाली नेलं की चिखल. प्रोट्रॅकरला तसंही तीनच सप्तकं आहेत.

जागा फारच कमी असेल तर एका आवर्तनाची सॅम्पल. ३२ बाइटची एकच लाट काढा आणि तिला लूप करा. सी-२ वर ती २५९ हर्ट्झला वाजते, म्हणजे मधल्या सी च्या जवळपास. ६४ बाइट घेतले तर एक सप्तक खाली, बेससाठी उत्तम. ३२ बाइटमध्ये बासरीसारखा गोल आवाज मिळतो, चौकोनी लाट घेतली तर सनईच्या अंगाने जाणारा नाकातला आवाज मिळतो. चिपट्यून म्हणतात ते यातूनच जन्मलं. ही लाट खऱ्या वाद्याच्या सॅम्पलबरोबर वाजवणार असाल तर फाइनट्यून (सॅम्पलचा सूर किंचित वरखाली करणारी सोय) एक पायरी चढवा, ती मुळात थोडी उतरलेली असते.

चॅनलची वाटणी. १ आणि ४ डावीकडे, २ आणि ३ उजवीकडे, आणि हे मशीनमध्येच पक्कं असतं. हेडफोनवर ऐकताना बेस आणि ठेका एकाच कानात आले तर दोन मिनिटांत डोकं भणाणतं. मी बेस १ वर, ताल २ वर, मुख्य चाल ३ वर आणि ४ वर साथ, असं ठेवते. प्रतिध्वनी हवा असेल तर चाल तीन ओळी उशिरा, सी१८ एवढ्या आवाजात, समोरच्या बाजूच्या चॅनलवर पुन्हा लिहायची. चॅनल रिकामं नसेल तर त्याच चॅनलवर सुरांच्या मधल्या रिकाम्या ओळींत तोच सूर हळू आवाजात टाका. कान फसतो.

कॉर्डसाठी शून्याची कमांड, म्हणजे अर्पेजिओ: ०४७ मेजर, ०३७ मायनर. प्रत्येक ओळ काही टिकांची असते, आणि ती किती टिकांची हे म्हणजे वेग. ही कमांड दर टिकला सूर बदलते आणि वेग ६ असताना तीन सूर समान वाटले जातात. वेग ४ केलात की वाटप लंगडं होतं, म्हणून अर्पेजिओ वापरणाऱ्या गाण्यात वेग ३ किंवा ६ ठेवा.

शेवटचं, ई०० ने अमिगाचा फिल्टर चालू होतो आणि ई०१ ने बंद. पॉवरच्या दिव्याचा उजेड बदलतो, त्यावरून कळतं. तुमच्या चालीला कुठला हवा ते पहिल्या पॅटर्नच्या पहिल्या ओळीतच लिहून टाका. दुसऱ्याच्या मशीनवर आधीच्या गाण्याने फिल्टर चालू ठेवला असेल तर तुमच्या सगळ्या झांजा बोथट होतील.

मावळतीचा_सूर

लेख छान, मनापासून एक प्रश्न. आज लॅपटॉपवर फुकटात शंभर ट्रॅक मिळतात, हवी तेवढी वाद्यं मिळतात. मग हा आटापिटा कशासाठी? विरोध म्हणून विचारत नाही, समजून घ्यायचंय.

अमिगावाली

प्रश्न रास्त आहे. शंभर ट्रॅक असतात तेव्हा चाल कमकुवत असली तरी वर आणखी काहीतरी चढवून ती झाकता येते. चार चॅनलमध्ये झाकायला जागा नाही. बेस आणि चाल या दोघांनीच गाणं उभं राहिलं पाहिजे. मला यातून संगीत रचण्याबद्दल जेवढं समजलं तेवढं दुसऱ्या कशातून नाही. पण तुम्हाला पूर्ण गायलेलं गीत बसवायचं असेल, तर हे साधन नाही. अर्ध्या एमबीत आवाज बसवायला गेलात तर शब्दही जातील आणि सूरही.

तिहाई

अमिगाताई, धागा वाचनखूण म्हणून साठवला. मी तबला वाजवतो, ट्रॅकर पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं हे आपल्यासाठीच केलंय. ६४ ओळी म्हणजे मात्रेला चार ओळी धरून त्रितालाचं पूर्ण आवर्तन! सम शून्याव्या ओळीवर, दुसरी टाळी १६ वर, खाली ३२ वर, पुढची टाळी ४८ वर. प्रोट्रॅकरमध्ये एफ६ ते एफ९ या बटणांनी नेमकं याच ओळींवर उडी मारता येते. नेहमीचा वेग ६ आणि टेम्पो १२५ असताना मिनिटाला १२५ मात्रा पडतात, आवर्तन ७.६८ सेकंदांचं.

इतर तालांसाठी डी००. रूपकाच्या सात मात्रांना २८ ओळी, दोन आवर्तनं लिहिली की ५६. ५५ क्रमांकाच्या ओळीवर डी०० लिहिलं की पुढचा पॅटर्न. झपतालाला ४० ओळी, डी०० ३९ वर. एकतालाला ४८, डी०० ४७ वर. तिगुन घ्यायची असेल तर मात्रेला चार ओळी चालणार नाहीत, सहा घ्या. सहात दुगुनही बसते आणि तिगुनही. त्रिताल मग ९६ ओळींचा होतो, ४८-४८ चे दोन पॅटर्न करा.

बोलांसाठी माझी पद्धत: एकाच सॅम्पलमध्ये सगळे बोल ४,०९६ बाइटच्या अंतराने मांडायचे. पहिला धा, मग धिं, मग ना, मग तिं. नऊची कमांड सॅम्पलमध्ये २५६ बाइटच्या पटीत पुढे उडी मारते, म्हणजे ९१० ने धिं, ९२० ने ना, ९३० ने तिं. सी-३ वर प्रत्येक बोलाला पाव सेकंद मिळतो. एक काळजी घ्यायची: बोल संपला की सॅम्पल पुढच्या बोलात घुसतं. द्रुत लयीत पुढचा सूर त्याला कापतोच, पण संथ लयीत धा नंतर तीन ओळी रिकाम्या राहिल्या तर मागून धिं ऐकू येतं. तिथे सी०० ने आवाज बंद करायचा.

धा ला डावा-उजवा वेगळ्या चॅनलवर ठेवायचा मोह होतो. चारच चॅनल असताना परवडत नाही, एकत्र रेकॉर्ड करा. पण घुमाऱ्याची मींड हवी असेल तर घे (डग्ग्याचा बोल) एकटा वेगळा ठेवा आणि त्याच्या पुढच्या दोनतीन ओळींवर १०२ लिहा, सूर वर सरकतो, मनगट दाबल्यासारखा. तेवढ्या एका गोष्टीने ठेका जिवंत होतो.

नवखा_पण_उत्साही

माझ्याकडे अमिगा नाही, इथे डोंबिवलीत मिळणारही नाही. लॅपटॉपवर सराव करू शकतो का? आणि मी प्रोट्रॅकरच्या एका क्लोनमध्ये स्वतःची टाळी रेकॉर्ड करून टाकली, तर टाळी संपल्यावर बारीक किणकिण चालूच राहते. लूप लावलेला नाही. काय चुकतंय?

अमिगावाली

नक्की करा सराव. प्रोट्रॅकरचा क्लोन घेतलात ते उत्तमच, कमांड आणि मर्यादा त्याच आहेत. मिल्कीट्रॅकर आणि ओपनएमपीटीही फुकट आहेत. फक्त ओपनएमपीटीमध्ये मॉड (प्रोट्रॅकरचा) फॉरमॅट निवडून चारच चॅनल ठेवा, म्हणजे सवय लागेल.

किणकिणीचं कारण: लूप नसलेलं सॅम्पल संपलं की पॉला थांबत नाही, सॅम्पलचे पहिले दोन बाइट पुन्हा पुन्हा वाजवत राहते. ते दोन्ही शून्य असले की शांतता, नसले की किणकिण. सॅम्पल एडिटरमध्ये सुरुवातीचे दोन बाइट शून्य करा, लगेच जाईल.

नवखा_पण_उत्साही

गेली! धन्यवाद ताई.

फ्लॉपीवाला

डॉसवाल्यांची बाजू मांडतो. पुण्याच्या जुन्या बाजारातून जोडलेल्या पेंटियमवर मी फास्टट्रॅकर २ आणि इम्पल्स ट्रॅकर दोन्ही वापरतो. पहिला स्वीडनच्या ट्रायटन गटाचा, १९९४ चा; दुसरा ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री लिमचा, १९९५ चा. फिनलंडच्या फ्यूचर क्रूचा स्क्रीम ट्रॅकर ३ सुद्धा त्याच काळातला, आणि त्यात सॅम्पलबरोबर अ‍ॅडलिब साउंड कार्डाचे एफएम (चिपनेच तयार केलेले) आवाजही वापरता येतात.

मशीन घेताना मदरबोर्डवर आयसा (जुन्या पद्धतीची कार्डं बसवायचा) स्लॉट आहे का ते आधी पाहा. साउंड ब्लास्टर १६ हे साउंड कार्ड त्यात बसलं की अर्धी लढाई जिंकली. ऑटोएक्सेक फाइलमध्ये ब्लास्टरची ओळ बरोबर हवी, कार्डाचा पत्ता, आयआरक्यू आणि डीएमए हे त्यातले आकडे कार्डाशी जुळत नसतील तर ट्रॅकर मुका राहतो. हार्डडिस्कऐवजी आयडीई अडॅप्टरवर कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड लावा, गाणी लॅपटॉपवर न्यायला सोपं पडतं आणि चकतीची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येत नाही.

ग्राविस अल्ट्रासाउंड हे साउंड कार्ड मिळालं तर सोडू नका, ते ३२ आवाज स्वतः मिसळतं, प्रोसेसरला भार नाही. पण १४ आवाजांपर्यंतच ते ४४.१ किलोहर्ट्झवर चालतं, पुढे दर घसरत ३२ ला १९.३ वर येतो. म्हणजे चॅनल वाढवत गेलात की चकाकी कमी होते. मी मुद्दाम १४ वर थांबतो.

तिहाईंना एक: फास्टट्रॅकरमध्ये पॅटर्नची लांबी हवी तेवढी ठेवता येते, २५६ ओळींपर्यंत. डी०० ची गरजच नाही, रूपकाला सरळ ५६ लिहा. आणि सतार, संतूर बसवायचं असेल तर इम्पल्स ट्रॅकर. त्यात नवा सूर लागला तरी जुना मागे विरत राहू शकतो, तारेची आस तुटत नाही. अमिगावर ते एका चॅनलमध्ये होणं नाही.

खर्ज

तंबोऱ्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. एक चॅनल त्याला द्यावंच लागतं, पण सुटे स्वर वाजवू नका. चारही तारांची एक पूर्ण फेरी रेकॉर्ड करून तिचाच लूप करा. सी-२ वर चार सेकंद म्हणजे ३३ केबी, प्रोट्रॅकरच्या ६४ केबीच्या मर्यादेत आरामात. पहिल्या पॅटर्नमध्ये एकदा सुरू करा आणि त्या चॅनलवर पुढे काहीही लिहू नका, तो पॅटर्न ओलांडून वाजत राहतो. तालाशी जुळवायची गरज नाही, तंबोरा तसाही लयीत नसतो. फक्त मधल्याच पॅटर्नपासून ऐकायला लागलात तर तो ऐकू येणार नाही, घाबरू नका.

आता तंबोरा आला की गांधार टोचायला लागतो. ट्रॅकरचे सूर समान अंतराचे, म्हणजे शुद्ध गांधार तंबोऱ्यातल्या गांधारापेक्षा १४ सेंट चढा (शंभर सेंट म्हणजे शेजारच्या दोन सुरांमधलं अंतर). प्रोट्रॅकरच्या फाइनट्यूनची एक पायरी साडेबारा सेंटची आहे. म्हणून प्रत्येक शुद्ध गांधारावर ई५एफ लिहा, एक पायरी उतरतो आणि तंबोऱ्यात मिसळून जातो. शुद्ध धैवतालाही तेच. कोमल गांधार उलट थोडा चढा हवा, ई५१. पंचमाला हात लावू नका.

मींडेसाठी तीनची कमांड. सा वरून ग वर जायला सी-२ पासून ई-२ पर्यंत ८९ एकक आहेत. वेग ६ असताना ३०४ दर ओळीला २० एकक सरकवतं, म्हणजे साडेचार ओळी, एका मात्रेपेक्षा किंचित जास्त. ३०२ ने दोन मात्रांहून थोडी लांब मींड मिळते. पुढच्या प्रत्येक ओळीवर ३०० लिहायचं, नाहीतर सूर मध्येच अडकतो. तार सप्तकात हीच अंतरं निम्मी होतात, तिथे कमांडचा आकडाही निम्मा करा.

तिहाई

खर्जसाहेब, ई५एफ लगेच करून पाहिलं. यमनमध्ये फरक पहिल्याच गांधाराला कळतो. पण एका ओळीत एकच कमांड बसते. गांधारावर मींडेने यायचं असेल तर तीनही हवा आणि ई५ही हवा. मग?

खर्ज

आदल्या ओळीवर नुसतं ई५एफ लिहा, सूर न लिहिता. त्या चॅनलचं फाइनट्यून बदलून राहतं. पुढच्या ओळीवर गांधार आणि ३०४ लिहा, पण सॅम्पलचा नंबर लिहू नका. नंबर लिहिलात की फाइनट्यून सॅम्पलच्या मूळ जागी परत जातं.

अमिगावाली

हे मलाही नवं आहे, आजच वापरते. मशीनबद्दल दोन गोष्टी राहिल्या होत्या, त्या लिहिते. जादा रॅमच्या कार्डावर घड्याळासाठी बॅटरी असते, ती गळते आणि पट्ट्या खाते. मशीन घेतल्याबरोबर उघडून पाहा आणि बॅटरी कापून टाका, ट्रॅकरला घड्याळ लागत नाही. अमिगा ६०० किंवा १२०० असेल तर कपॅसिटर बदलून घ्या, ते गळू लागले की आवाज हळूहळू मरतो. आणि फ्लॉपीच्या जागी गोटेक बसवा. अमिगाची ८८० केबीची फ्लॉपी साध्या पीसीला वाचता येत नाही, गोटेक असेल तर पेनड्राइव्हने काम होतं.

नवखा_पण_उत्साही

एक शेवटचं. ठेका अगदी मशीनसारखा कोरडा वाटतोय. तिहाई सरांनी सांगितलेलं सगळं केलं, बोल बरोबर आहेत, ओळी बरोबर आहेत.

तिहाई

सर नको, तिहाईच म्हणा. दोन गोष्टी करा. सगळे बोल सी४० वर ठेवू नका; नऊची कमांड असलेल्या ओळीवर सी बसत नाही, म्हणून आवाज बदलायचे बोल वेगळ्या सॅम्पलमध्ये ठेवा. सम ४०, टाळी ३८, मधले बोल २० ते २८, खालीचे आणखी हलके. दुसरं, लग्गीसारखा डौल हवा असेल तर एका ओळीवर एफ०७ (एफ ही वेगाची कमांड) आणि पुढच्या ओळीवर एफ०५, असं आलटून पालटून लिहा. दोन ओळी मिळून वेळ तेवढाच राहतो, पण दुसरा बोल जरा उशिरा पडतो. ही कमांड सगळ्या चॅनलना लागू होते, त्यामुळे फक्त तबल्याला डौल द्यायचा असेल तर ती सोडा आणि हव्या त्या बोलावर ईडी१ लिहा, तो एक टिक मागे जाईल. ज्या बोलावर ९१० आहे तिथे मात्र ईडी बसणार नाही. म्हणून उशिरा पाडायचा बोल सॅम्पलमध्ये पहिल्या जागी ठेवा, म्हणजे त्याला नऊची कमांड लागतच नाही.